इंजिनात बाटली ओतण्याआधी

इंजिन ही वस्तू सातारा-सांगलीकरांना परकी नाही. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी केली. साताऱ्यात धनजीशहा कूपरांनी कारखाना काढला. हेच कूपर १९३७ मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले पंतप्रधान झाले. पुढे साताऱ्याच्याच महाराष्ट्र स्कूटर्समधून ‘प्रिया’ बाहेर पडली आणि खेडोपाडी पोचली. त्यामुळे या पट्ट्यात इंजिनाविषयी ठाम मत असलेला माणूस शोधावा लागत नाही.

अशाच दोघांचं बोलणं इथे देतो आहे. मामा साताऱ्याचे, आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा वर्ग शिकवून निवृत्त झालेले. भाचा सांगलीचा, मिरज रस्त्याला त्याचं गॅरेज आहे. सर्व्हिसिंगच्या बिलात हल्ली ‘इंजिन फ्लश’, ‘फ्युएल सिस्टिम क्लीनर’ अशा ओळी सर्रास दिसतात. इंजिन साफ करणारं हे द्रावण गाडीत ओतावं की नाही, यावर दोघांचं पटत नाही. मधेमधे मला जे वाटलं तेही लिहिलं आहे.

भाचा : मामा, आधी माझी बाजू ऐकून घ्या. माझ्याकडं येणारी गाडी बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या मालकाची असते. ऑइल कधी बदललं, कसलं घातलं, कुणालाच ठाऊक नसतं. कुणी द्राक्षबागांना औषधं पोचवतो, कुणी तासगावहून बेदाणा आणतो. गाडीवर पोट आहे. त्याला म्हटलं की इंजिनचं काम निघालंय, चाळीस हजार लागतील, तर तो गाडी तशीच धूर काढत चालवतो. चारशे-पाचशेच्या बाटलीनं पिस्टनच्या चिकटलेल्या रिंगा सुटत असतील तर मी ती का घालू नये?

मामा : सुटत असतील तर जरूर घाल. पण चिकटलेल्या रिंगाच आहेत, हे तू आधी बघतोस का?

भाचा : धूर निळा असतो, ऑइल खाते. बघतो की.

मामा : निळा धूर रिंगांमुळं येतो, व्हॉल्व्हच्या सिलांमुळं येतो आणि टर्बोच्या सिलांमुळंही येतो. सकाळी पहिल्यांदा सुरू करताना भपकन धूर येऊन थांबला, तर रात्रभर व्हॉल्व्ह सिलातून ऑइल झिरपलेलं असण्याचा संभव जास्त. खंबाटकी घाट उतरताना पाय काढलेला असतो आणि खाली आल्यावर पुन्हा दाबला की धूर येतो, तिथंही संशय सिलांवरच. व्हॉल्व्हचं सील रबराचं असतं. ते कडक होऊन चिरलं असेल तर कुठलंही द्रावण ते सांधणार नाही. म्हणून आधी प्लग काढून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन घे. एखाद्यात कमी आलं तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा घे. आकडा वर गेला तर दोष रिंगांकडं, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्हकडं. मग प्लगच्या भोकातून कॅमेरा घालून पिस्टनचा माथा बघ. एवढं करूनही रिंगा कार्बननं धरल्यात असं दिसलं, तर बाटलीला अर्थ आहे.

भाचा : आणि झिजलेल्या असतील तर?

मामा : झिजलेला धातू द्रावणानं परत येत नाही. तेव्हा गिऱ्हाइकाला खरं सांगायचं.

इथे वाचकासाठी थोडं थांबतो. ‘क्लीनर’ म्हणून दोन अगदी निराळ्या वस्तू विकल्या जातात आणि अर्धा वाद त्यामुळेच होतो. एक बाटली पेट्रोलच्या टाकीत जाते. तिच्यातला कामाचा पदार्थ म्हणजे डिटर्जंट. चांगल्या बाटलीत तो पॉलिइथर अमाइन असतो. पेट्रोलबरोबर वाहत जाऊन तो इंजेक्टरच्या बारीक भोकांवर आणि व्हॉल्व्हच्या पाठीवर बसलेला थर सैल करतो, आणि शेवटी जळून जातो. दुसरी बाटली ऑइलमध्ये जाते. ती बहुतांशी रॉकेलच्या जातीचं हलकं द्रावण असते, सोबत थोडा डिटर्जंट. जुनं ऑइल काढण्याआधी ती ओतायची, गाडी जागची न हलवता दहा-पंधरा मिनिटं इंजिन आयडलवर चालू ठेवायचं आणि गरम असतानाच सगळं खाली सोडायचं. पहिली बाटली सांगितलेल्या मापात घातली तर फार तर पैसे वाया जातात. दुसरी चुकीच्या हातात पडली तर इंजिन निकामी होऊ शकतं. म्हणून मामांचा राग दुसरीवर जास्त आहे आणि तो मला रास्त वाटतो.

मामा : ऑइल क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये एक पातळ थर धरून ठेवतं. धातूला धातू लागू देत नाही. त्यात रॉकेलसारखं द्रावण पडलं की तो थर विरळ होतो. आयडलला भार नसतो म्हणून निभावतं. पण एखाद्या पोरानं ‘जरा फिरवून आणतो’ म्हणून तीच गाडी यवतेश्वरच्या चढाला घातली, तर बेअरिंग खाल्लंच समज. टर्बो असेल तर त्याचा शाफ्ट मिनिटाला लाखभर फेऱ्या घेतो, आणि तोही त्याच ऑइलच्या थरावर.

भाचा : माझ्याकडं फ्लश घातलेली गाडी हलत नाही, किल्ली माझ्या खिशात असते. पण मामा, तुमचीच पिढी डिझेल आणि रॉकेल घालून इंजिनं धूत होती की.

मामा : धूत होतो. तेव्हाची ऑइलं निराळी होती आणि इंजिनंही. प्रियाचा सायलेन्सर काढून आम्ही जाळात तापवायचो, नाहीतर कॉस्टिक सोड्यात भिजवत ठेवायचो. हेड काढून पिस्टनचा माथा खरवडायचो. टू-स्ट्रोक गाडी होती, ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं. ते जळणार आणि कार्बन होणारच, म्हणून ठरावीक अंतरानं साफसफाई हा त्या गाडीच्या देखभालीचाच भाग होता. आजच्या फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल वेगळं राहतं. ते जळत असेल किंवा घट्ट होत असेल तर काहीतरी बिघडलेलं आहे. मग ठरावीक अंतरानं द्रावण ओतण्यापेक्षा बिघाड शोधायला नको का? आणि धुण्याचं काम आताच्या ऑइलमध्येच भरलेलं असतं. कॅल्शियम, मॅग्नेशियमचे डिटर्जंट घाण सोडवतात. दुसरे घटक काजळीचे कण वेगवेगळे तरंगत ठेवतात, एकत्र येऊन बसू देत नाहीत.

भाचा : म्हणूनच ऑइल काळं होतं.

मामा : काळं झालं म्हणजे ते काम करतंय.

भाचा : हे मात्र गिऱ्हाइकाला पटत नाही. डिपस्टिक पुसून फडक्यावरचा काळा डाग दाखवला की माणूस घाबरतो आणि फ्लश विकायला तेवढंच पुरतं. डिझेल गाडीत नवीन ऑइल घालून नुसतं मिरजेपर्यंत जाऊन आलं तरी काळं दिसतं. मी तो डाग दाखवून विकत नाही. पण विकणारे आहेत.

मामा : मग वेळेवर ऑइल बदलणाऱ्याच्या गाडीत फ्लश कशाला?

भाचा : त्याच्या गाडीत नकोच. पण कंपनी म्हणते दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांतलं जे आधी होईल ते. लोक पहिला भाग लक्षात ठेवतात, दुसरा विसरतात. गाडी वर्षाला तीन हजार चालते म्हणून तेच ऑइल तीन वर्षं ठेवतात.

मामा : आणि ते तीन हजारसुद्धा कसले? पोवई नाका ते राजवाडा, राजवाडा ते पोवई नाका. इंजिन तापतच नाही. पेट्रोल जळलं की पाण्याची वाफ होते. थोडी वाफ आणि थोडं न जळलेलं पेट्रोल रिंगांपासून खाली ऑइलमध्ये उतरतं. इंजिन पुरेसं तापलं तर ते उडून जातं, नाहीतर तिथंच राहतं आणि ऑइलचा लगदा होतो. ऑइल भरायचं झाकण उघडून आतून बघ, पांढरट साय धरलेली दिसेल. त्यातून पीसीव्ही व्हॉल्व्ह तुंबलेला असेल तर वाफेला बाहेर पडायला वाटच नाही. तू फ्लश घालून लगदा काढलास आणि पीसीव्ही तसाच ठेवलास, तर लगदा पुन्हा जमणार. गिऱ्हाईक म्हणेल, बाटली हलकी होती, या वेळी भारी घाला.

भाचा : पीसीव्ही मी बघतो. पण लगदा आधीच जमलाय त्याचं काय? तो तसाच ठेवून नवीन ऑइल ओतायचं?

मामा : किती जमलाय त्यावर आहे. तू कसं ठरवतोस?

भाचा : इंजिनच्या माथ्यावरचं टॅपेट कव्हर उघडतो. आत तपकिरी झाक असेल, बोट फिरवल्यावर चिकट लागत असेल, तर फ्लश घालतो आणि पुढचं ऑइल निम्म्या अंतरावर बदलायला सांगतो. आत लोण्यासारखे काळे गोळे बसलेले असतील तर फ्लशला हात लावत नाही. खालून ऑइल चेंबर काढतो, स्ट्रेनर साफ करतो, चेंबर हातानं धुतो.

मामा : का हात लावत नाहीस, ते सांग.

भाचा : द्रावण गोळे पूर्ण विरघळवत नाही, सैल करतं. पंधरा मिनिटांत सुटलेला गोळा ऑइलबरोबर चेंबरमध्ये येतो आणि पंपाच्या स्ट्रेनरच्या जाळीवर बसतो. पंपाला ऑइल ओढता येत नाही. ऑइलचा दिवा लागेपर्यंत वर कॅम कोरडा पडलेला असतो. आणि हे माझ्या गॅरेजात होत नाही, चार दिवसांनी पेठ नाक्यावर होतं.

मामा : शाबास. हे तू बाटलीवर वाचलेलं नाहीस.

या दोन उत्तरांत मला या विषयाचं मर्म दिसतं. इंजिन स्वच्छ असेल तर फ्लशची गरज नाही. फार घाण असेल तर फ्लश धोक्याचा. ज्या इंजिनात हलका थर बसला आहे, सिलं शाबूत आहेत आणि घाणीचं कारण सापडून दूर झालं आहे, तेवढ्यापुरता त्याचा उपयोग. ही पट्टी अरुंद आहे आणि गाडी तिच्यात बसते की नाही हे कव्हर उघडल्याशिवाय कळत नाही. सरसकट प्रत्येक सर्व्हिसिंगला फ्लश घालण्याला म्हणूनच काही आधार उरत नाही.

भाच्याला हे मान्य होतं, पण त्याच्याकडे एक उदाहरण होतं जे त्याला मामांसमोर ठेवायचंच होतं.

भाचा : मामा, २०१९ चा ऑगस्ट आठवा. कृष्णेची धोक्याची पातळी आयर्विन पुलापाशी ४५ फूट, पाणी गेलं ५७ च्या वर. गाड्या दिवसेंदिवस पाण्याखाली. पाणी उतरल्यावर माझ्या दारात दोरीनं ओढून आणलेल्यांची रांग. डिपस्टिक काढली की दुधाळ ऑइल. आम्ही पहिलं सांगायचो, किल्ली फिरवू नका. तरी काहींनी फिरवलेली असायची.

मामा : हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो.

भाचा : तेच झालेलं. ज्यांनी फिरवली नव्हती त्यांचे प्लग काढायचो, क्रँक हातानं फिरवायचो, भोकातून पाण्याची चिळकांडी उडायची. एअर फिल्टर, ऑइल फिल्टर फेकून द्यायचे. ऑइल खाली, स्वस्तातलं ऑइल आणि फ्लश वर, थोडा वेळ चालवायचं, पुन्हा खाली. ऑइलचा दुधाळपणा जाईपर्यंत हेच. त्या पंधरवड्यात सगळ्या सांगलीची इंजिनं खोलायची म्हटली असती तर ना मेस्त्री पुरले असते ना लोकांचे पैसे. तेव्हा फ्लशनंच गाड्या चालू केल्या. त्यालाही तुम्ही नको म्हणणार?

मामा : नाही म्हणणार. त्या दिवसांत तुम्ही पोरांनी केलेलं काम मोठं होतं, मी ते स्वतः येऊन पाहिलंय. पण कुणी काय केलं याचा हिशेब नीट लाव. रॉकेलच्या जातीच्या द्रावणात पाणी विरघळत नाही. पाणी गेलं ते पुन्हा पुन्हा बदललेल्या ऑइलबरोबर आणि इंजिनच्या उष्णतेनं. तीन वेळा नुसतं साधं ऑइल घालून काढलं असतंस तरी तेच झालं असतं, आणि बेअरिंगवरचा थर शाबूत राहिला असता. दुसरं, पुराचं पाणी म्हणजे नळाचं पाणी नव्हे. त्यात कृष्णेचा गाळ होता. तो कशात विरघळला?

भाचा : (थोडं थांबून) कशातच नाही. मातीच ती. ज्या गाड्यांत गढूळ पाणी आतपर्यंत गेलं होतं, त्या आम्ही जमेल तशा उघडल्या. ज्यांच्याकडं पैसे नव्हते त्यांच्या नुसत्या धुऊन दिल्या. त्यातल्या काही नंतर खडखडत परत आल्या, बेअरिंगवर ओरखडे. दोन वर्षांनी, २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं, तेव्हा मी पद्धत बदलली. आधी चेंबर काढून तळाला बोट लावून बघायचं. रेव लागली तर इंजिन खोलायचं, नाहीतर गाडी घ्यायचीच नाही.

मामा : एवढंच मला हवं होतं. द्रावणानं काय विरघळतं आणि काय नाही, हे ठाऊक पाहिजे. डिंकासारखा थर, व्हार्निश, ताजा लगदा हे विरघळतं. पिस्टनच्या माथ्यावर भाजून दगड झालेला कार्बन फार तर कडेनं सुटतो. माती आणि धातूचा कीस तर नुसते जागा बदलतात.

पुराच्या या गोष्टीत मला भाच्याची बाजूही दिसते. पुस्तकातला उपाय खर्चिक असतो आणि समोर उभ्या माणसाचं पोट गाडीवर असतं. त्या वेळी बाटली हातात घेणाऱ्या मेस्त्रीला दोष देणं सोपं आहे. पण कुठल्या गाडीला ती पुरणार नाही हे त्यानं पाहिलं, सांगितलं आणि पुढच्या पुरात पद्धत बदलली. कारागिराकडून यापेक्षा जास्त अपेक्षा करता येत नाही.

मग गोष्ट टाकीतल्या बाटलीवर आली. इथे दोघं एकमेकांच्या जवळ आले, तरी पूर्ण नाही.

भाचा : टाकीत घालायच्या क्लीनरला तुमची हरकत नाही ना?

मामा : अटीवर नाही. इंजेक्टर तुंबल्याची लक्षणं असतील, गाडी आयडलला थरथरत असेल, पिकअप अडखळत असेल, आणि प्लग, कॉइल, एअर फिल्टर बघून झालं असेल, तर घाल. अमेरिकेत १९९५ पासून पेट्रोलमध्येच ठरावीक डिटर्जंट असणं कायद्यानं बंधनकारक आहे, म्हणजे शास्त्र खोटं नाही. पण इंजिन कुठल्या जातीचं ते बघ. साध्या इंजिनात पेट्रोल व्हॉल्व्हच्या मागं फवारलं जातं, व्हॉल्व्हची पाठ धुऊन निघते. डायरेक्ट इंजेक्शनवाल्या नव्या टर्बो पेट्रोल गाड्यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं. व्हॉल्व्हच्या पाठीला त्याचा थेंबही लागत नाही. तिथला कार्बन टाकीतल्या बाटलीनं कसा निघेल?

भाचा : तिथं मॅनिफोल्ड काढून साफ करावं लागतं. बाहेरच्या देशांत अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबानं मारतात. पण माझ्याकडं हल्ली वेगळीच तक्रार येते. ‘अ‍ॅव्हरेज कमी झालं, इंजिन साफ करून द्या.’

मामा : आणि तू साफ करून देतोस?

भाचा : आधी देत होतो. आता विचारतो, कधीपासून कमी झालं.

हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे आणि तो या दोन जिल्ह्यांना जवळचा आहे. वाळवा-कराड पट्ट्यातल्या उसाचं इथेनॉल डिस्टिलऱ्यांमधून निघून आपल्याच टाकीत परत येतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल काही पंपांवर आलं, आता ते सगळीकडे आहे. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांश ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलेलं आहे, की शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकीचं अ‍ॅव्हरेज २० टक्के मिश्रणावर ६ ते ७ टक्क्यांनी घटू शकतं. म्हणजे लिटरला १८ देणारी गाडी १७ च्या आसपास आली, तर इंजिन घाण झालं असं मानायचं कारण नाही. त्या घटीवर क्लीनर विकणं म्हणजे नसलेल्या दुखण्याचे पैसे घेणं आहे.

मामा : आणखी एक ध्यानात घे. इथेनॉल स्वतःच द्रावक आहे. तू पाव लिटरच्या बाटलीवर भांडतोस, आणि टाकीतल्या प्रत्येक लिटरात २०० मिलिलिटर इथेनॉल आहे. जुन्या गाडीच्या टाकीत, पाइपात वर्षानुवर्षं बसलेला चिकटा ते सोडवतं.

भाचा : आणि फ्युएल फिल्टरमध्ये आणून टाकतं. हे मी रोज बघतो. बारा-पंधरा वर्षांची गाडी चढाला गुदमरते, मालक म्हणतो इंजेक्टर साफ करा. फिल्टर बदलला की गाडी पळते. नळ्याही तपासाव्या लागतात, जुनं रबर इथेनॉलला टिकत नाही. आणि महिनोन्‌महिने उभी राहणारी गाडी असेल, मुलगा पुण्याला, गाडी इस्लामपुरात, तर इथेनॉल हवेतला ओलावा धरतं. त्या टाकीत क्लीनर घालून काय होणार? पेट्रोलच बदलायला पाहिजे.

मामा : आता एक कडू गोष्ट. इंजिनात चिकटा जमण्याचं जुनं कारण भेसळ. रॉकेल, नाफ्था, कारखान्यांचं सॉल्व्हंट पेट्रोलमध्ये मिसळून विकायचं. केंद्र सरकारनं २००० साली जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली आदेश काढला, त्याच्या नावातच सॉल्व्हंटचा वाहनांत होणारा वापर रोखणं आहे. म्हणजे मापात, योग्य जागी, दहा मिनिटांसाठी घातलं तर साफसफाई, आणि पेट्रोल म्हणून विकलं तर गुन्हा. या धंद्याला आडवे आले म्हणून २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळलं. ते मी विसरू शकत नाही. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना सांगायचो, पेट्रोलचा संशय आला तर पंपावर फिल्टर पेपर मागा. थेंब टाका, उडून गेल्यावर डाग राहिला तर तक्रार करा. पेपर द्यायला पंप बांधील आहे. इंजिन साफ ठेवायची सुरुवात तिथून होते.

भाचा : होय. पण मामा, पेपर मागणारं गिऱ्हाईक मी अजून पाहिलेलं नाही.

मामा : मग तू सांग त्याला. तुझ्या गॅरेजच्या भिंतीवर लिही.

थोडं विषयांतर करतो, पण ते आवश्यक आहे. फ्लश घालून काढलेलं काळं मिश्रण कुठे जातं? वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडतं आणि ते नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवं. गटारात सोडलेलं ऑइल साताऱ्यात वेण्णेला आणि सांगलीत थेट कृष्णेला मिळतं. भाचा ते पिंपात साठवून देतो. फ्लशचं द्रावण उघड्या हातांनी वापरून मेस्त्रींच्या कातडीची काय अवस्था होते, हे त्याच्या मदतनीस पोराच्या बोटांकडे पाहिल्यावर कळतं. हातमोजे महाग नाहीत. मालकांनी ते द्यावेत.

शेवटी बोलणं पैशांवर आलं.

भाचा : खरं सांगू का? छोट्या गॅरेजपेक्षा चकाचक वर्कशॉपमध्ये हे जास्त चालतं. तिथल्या पोरांना महिन्याला इतक्या बाटल्या खपवा असं सांगितलेलं असतं. गाडी दोन वर्षांची, ऑइल वेळेवर, तरी बिलात फ्लश.

मामा : गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक उघडायचं. त्यात ऑइलची जात, ग्रेड, अंतर सगळं लिहिलेलं असतं. फ्लश घालायला सांगितलेलं नसेल तर वॉरंटीतल्या गाडीत कुणाला घालू द्यायचं नाही. आग्रहच झाला तर लेखी मागायचं.

भाचा : आणि वॉरंटी संपलेल्या, पैसे नसलेल्या माणसानं?

मामा : त्यानं तुझ्याकडं यावं. तू कव्हर उघडून त्याला दाखवावंस, मग दोघांनी ठरवावं. पण बाटली हा शेवटून दुसरा उपाय.

भाचा : आणि शेवटचा?

मामा : इंजिन खोलणं.

भाचा : पटलं. तरी पहिला उपाय तुम्ही सांगितला नाही.

मामा : चांगलं ऑइल, चांगला फिल्टर, वेळेवर. आणि आठवड्यातून एकदा गाडी हायवेला काढून अर्धा-पाऊण तास नीट तापू देणं.

मी मामांच्या क्रमाशी सहमत आहे आणि भाच्याच्या कळकळीशीही. फ्लश वाईट नाही. तो न पाहता, न विचारता, सगळ्यांना सारखाच घालणं वाईट आहे. तेव्हा वाचकांना एवढीच विनंती : पुढच्या सर्व्हिसिंगला बिलात ‘इंजिन फ्लश’ ही ओळ दिसली, तर कशासाठी म्हणून विचारा. टॅपेट कव्हर उघडून पाहिलं का, कॉम्प्रेशन किती आलं, हे आकड्यानिशी सांगायला लावा. समाधानकारक उत्तर मिळालं तर खुशाल पैसे द्या. मिळालं नाही तर ती ओळ काढून टाकायला सांगा आणि तेवढ्याच पैशांत पुढचं ऑइल महिनाभर आधी बदलून घ्या.